नोटीस हाती न पडता घराची वर्गवारी ‘वाणिज्य’ केली : अपील करावे की थेट धारवाड खंडपीठात जावे?

जुना मागवाला (प्रश्न)

नमस्कार. बेळगाव जिल्ह्यातील एका शहरात आमचे वडिलोपार्जित दुमजली घर आहे. शहराचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणाची बदनामी करण्यापेक्षा कायद्यातील वाट समजून घेणे हा माझा हेतू आहे. तळमजल्यावर वडिलांनी चार यंत्रमाग घातले होते आणि वर आम्ही राहत होतो. २०२० च्या टाळेबंदीत सूत मिळेनासे झाले, तयार साड्या पडून राहिल्या, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चारही माग विकावे लागले. त्यानंतर तळमजला बंदच आहे. आत जुने बीम, बॉबिनच्या पेट्या आणि वडिलांची खुर्ची एवढेच सामान आहे. वडील २०२२ मध्ये वारले. घराचे करखाते अजून त्यांच्याच नावावर आहे, ही माझी चूक मी मान्य करतो.

आजवर आम्ही वर्षाला ४,८६० रुपये घरफाळा भरत आलो. या वर्षी मी चार महिने पुण्यास मुलाकडे होतो. परत आलो तेव्हा दारात मागणी बिल पडलेले होते. तळमजला ‘वाणिज्य’ धरून वार्षिक कर २१,३०० रुपये ठरवला आहे आणि २०२०-२१ ते २०२४-२५ या पाच वर्षांचा फरक दंडासह १,४१,३८४ रुपये मागितला आहे. कार्यालयात चौकशी केली असता, आधी वडिलांच्या नावे नोटीस काढली होती, घर बंद असल्याने ती दाराला चिकटवून पंचनामा केला, हरकत आली नाही म्हणून आदेश कायम झाला, असे सांगण्यात आले. नोटिशीची प्रत मागितल्यावर कन्नडमधील एक पान दाखवले. मला कन्नड बोलता येते, पण कार्यालयीन कन्नड वाचून अर्थ लावता येत नाही. “अपील करायचे तर करा, पण आधी रक्कम भरा,” असेही वर ऐकवले.

माझे म्हणणे न ऐकता माझ्या घराची वर्गवारी बदलता येते का? राज्यघटनेत याविरुद्ध काही संरक्षण आहे का? पैसे आधी भरण्याची अट कायदेशीर आहे का? आणि अपिलाच्या भानगडीत न पडता थेट धारवाडला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात, रिट याचिका दाखल केली तर चालेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

टिळकवाडीचा वकील

आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून उत्तरही थोडे लांबवतो.

प्रथम एक गोष्ट पाहा, की आपले घर नेमक्या कोणत्या कायद्याखाली येते. महापालिकेच्या हद्दीत १९७६ चा कर्नाटक महापालिका कायदा लागू होतो, नगरपालिका आणि नगरपंचायतीला १९६४ चा नगरपालिका कायदा, ग्रामपंचायतीला १९९३ चा पंचायत राज कायदा, आणि कॅन्टोन्मेंटमध्ये घर असेल तर २००६ चा केंद्राचा कायदा. अपील कोणाकडे करायचे आणि किती दिवसांत, हे त्या त्या कायद्यात वेगवेगळे आहे. मी अनेक अशिलांना पाहिले आहे, जे चुकीच्या साहेबाकडे अर्ज देऊन तीन महिने निवांत बसतात आणि मग मुदत गेली म्हणून माझ्याकडे येतात. आपल्याला मिळालेल्या आदेशाच्या खाली कलम लिहिलेले असते. ते आधी कोणाकडून तरी वाचून घ्या.

आता घटनेविषयी. ‘ड्यू प्रोसेस’ (योग्य प्रक्रियेशिवाय कोणाचे काही हिरावून घेऊ नये) हा अमेरिकन शब्दप्रयोग आपल्या घटनेत नाही. तो मसुद्याच्या टप्प्यावर होता; परंतु घटनेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आल्यानंतर तो गळाला आणि कलम २१ मध्ये ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही शब्दरचना आली. शिवाय कलम २१ जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्यापुरते आहे. कराच्या प्रकरणात आपल्याला जी कलमे उपयोगी पडतात ती वेगळी आहेत : कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, असे सांगणारे कलम २६५, समानतेचे आणि मनमानीविरुद्धचे कलम १४, आणि कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे सांगणारे कलम ३००-अ, जे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आले.

या विषयावरचा पाया सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६० मध्ये मूपिल नायर विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात घातला. त्रावणकोर-कोचीनच्या जमीन-कर कायद्याने सरसकट सगळ्या जमिनीवर एकरी दोन रुपये कर बसवला होता. अर्जदाराच्या जंगलाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३,१०० रुपये आणि त्यावरचा कर ५४,००० रुपये, अशी स्थिती होती. न्यायालयाने तो कायदा रद्द केला, तो केवळ रक्कम जास्त म्हणून नव्हे; करदात्याला नोटीस देण्याची, त्याची हरकत ऐकण्याची, आकारणीत झालेली चूक वरच्या पायरीवर दुरुस्त करून घेण्याची कोणतीच सोय त्या कायद्यात नव्हती, हेही एक कारण न्यायालयाने दिले. पुढच्याच वर्षी आपल्याला जवळचा असा बार्शीच्या लोकमान्य मिल्सचा निकाल लागला. गिरणीच्या इमारतीचे करपात्र मूल्य तिला किती भाडे येऊ शकेल यावरून न ठरवता, नुसत्या चौरस फुटांवरून एकाच दराने काढण्याचा नियम बार्शीच्या नगरपालिकेने केला होता. अशा नियमामुळे मूल्यमापनाला आव्हान देण्याचा करदात्याचा हक्कच नाहीसा होतो, या कारणाने न्यायालयाने तो अवैध ठरवला. तो खटला १९२५ च्या मुंबई म्युनिसिपल बरो कायद्याखालचा होता. १९५६ पूर्वी आपला भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या फायलींतही त्या कायद्याचे नाव दिसते.

थोडक्यात, म्हणणे मांडण्याची संधी न देता आपल्या एकट्याच्या घराची वर्गवारी बदलता येत नाही. तरीही थेट धारवाडला जाऊ नका, असाच माझा सल्ला आहे. घटनेच्या कलम २२६ खालच्या, म्हणजे रिट याचिकेत पहिला प्रश्न ‘पर्यायी उपाय आहे का’ हाच विचारला जातो. १९९८ च्या व्हर्लपूल निकालाने त्याला अपवाद सांगितले आहेत : मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा (म्हणजे म्हणणे ऐकूनच निर्णय द्यावा, यासारख्या) भंग, अधिकारक्षेत्राचा अभाव, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. आपले प्रकरण दुसऱ्या अपवादात बसू शकेल, पण ‘शकेल’ या शब्दावर घर उभे करू नये. खंडपीठ बहुधा अपिलाकडेच परत पाठवील आणि तोवर अपिलाची मुदत निघून गेली, तर आपण दोन्ही दगडांवरून पाण्यात पडाल. मे २०२० मध्ये ग्लॅक्सोच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अपिलाची कमाल मुदत हातची घालवलेल्या माणसासाठी उच्च न्यायालयाने रिटचे दार उघडू नये. म्हणून आधी मुदतीत अपील दाखल करा. अपील ऐकलेच नाही किंवा दरम्यान जप्तीची कारवाई सुरू झाली, तर मग धारवाडचा रस्ता दीड-दोन तासांचाच आहे.

आधी पैसे भरण्याच्या अटीबद्दल मात्र आपल्याला न आवडणारे उत्तर द्यावे लागते. कायद्यातच तशी अट असेल तर ती घटनाबाह्य नाही. अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या प्रकरणात १९७५ मध्ये आणि दिल्लीच्या श्याम किशोर प्रकरणात १९९२ मध्ये, दोन्ही घरपट्टीचीच प्रकरणे, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला असतो, तेव्हा त्यावर अट घालण्याचा अधिकारही विधिमंडळाला आहे. पण ही अट कायद्यात हवी, खिडकीवरच्या माणसाच्या तोंडी नव्हे. कोणत्या कलमाखाली भरायचे, हे त्यांना लेखी विचारा.

निवृत्त करलिपिक

मी एका नागरी संस्थेत कर विभागात अनेक वर्षे काम केले आहे. वकीलसाहेबांचे म्हणणे कायद्याने बरोबर आहे. पण टेबलाच्या पलीकडच्या बाजूनेही कोणीतरी लिहायला हवे.

आपल्या राज्यात शहरांतील घरफाळा आता स्वयंनिर्धारण पद्धतीने भरला जातो. म्हणजे मालक स्वतःच अर्जात क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचे वर्ष आणि वापर लिहितो, कर स्वतः काढतो आणि चलन भरतो. एप्रिलमध्ये भरल्यास ५ टक्के सवलत, जूनपर्यंत जैसे थे, आणि पुढे दरमहा २ टक्के दंड. लोकांना सवलतीची तारीख बरोबर आठवते, पण त्या अर्जावर आपण सही करून एक निवेदन देत असतो, हे बहुतेकांच्या गावीही नसते. पुढे मोजणीदार आला आणि निवेदन आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक आढळला, की फेरआकारणी होते. त्यामुळे खटल्याच्या गोष्टी करण्यापूर्वी वडिलांनी भरलेले जुने अर्ज बाहेर काढा आणि तळमजल्यापुढे त्यांनी काय लिहिले होते ते पाहा. त्यांनी ‘निवासी’ लिहिले असेल आणि माग चालू असतील, तर कार्यालयाचा संशय निराधार म्हणता येणार नाही.

दुसरे असे, की मृताच्या नावे नोटीस निघाली हा मुद्दा ऐकायला जोरदार वाटतो, परंतु खाते बदलण्याचा अर्ज वारसाने द्यायचा असतो. आमच्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचे टेबल शेजारी असले तरी त्या टेबलावरची नोंद या टेबलावर आपोआप येत नसे. तो मुद्दा लिहा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

आणि तिसरे, जे कोणी सांगत नाही. मोजणीचा कागद मिळवा. फेरआकारणी झाली असेल तर कोणी, कोणत्या तारखेला, आत जाऊन की बाहेरून पाहून मोजले, याची नोंद फायलीत असायलाच हवी. माहिती अधिकारात दहा रुपयांत मागता येते. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून कहाणी न लिहिता फक्त तीन कागद मागा : मोजणीपत्रक, नोटीस चिकटवल्याचा पंचनामा, आणि आदेशाची टिप्पणी. बंद घराला बाहेरून पाहून ‘वाणिज्य’ लिहिलेले असेल, तर तो कागद आपल्या बाजूने कोणत्याही निकालापेक्षा जास्त बोलेल.

न्यू जर्सीतील बेळगावकर

माझे माहेर शहापूरचे. गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत राहते आणि कर-लेखापालाचे काम करते. इथे हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी न्यायालयात येऊन गेला आहे आणि त्याचे उत्तर दोन निकालांत मिळून सापडते, म्हणून लिहावेसे वाटले.

डेन्व्हर शहराने एका रस्त्याच्या फरसबंदीचा खर्च त्या रस्त्यालगतच्या मालकांवर, प्रत्येकाला किती फायदा झाला ते ठरवून, वाटून टाकला होता. मालकांना लेखी तक्रार देता आली, पण समोर उभे राहून बोलता आले नाही. १९०८ मध्ये लंडनर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की विशिष्ट मालकांवर असा आकार बसवताना थोडक्यात का होईना, तोंडी युक्तिवाद करण्याची आणि गरज पडल्यास पुरावा देण्याची संधी द्यावीच लागते. सात वर्षांनी पुन्हा डेन्व्हरच. या वेळी राज्याच्या मंडळाने शहरातील सगळ्याच मालमत्तांचे मूल्य ४० टक्क्यांनी वाढवले होते आणि बाय-मेटॅलिक नावाच्या कंपनीने सुनावणी मागितली. न्यायमूर्ती होम्स यांनी ती नाकारली. हजारो लोकांना सारखाच लागू होणारा निर्णय असेल तर प्रत्येकाला बोलावून ऐकणे अशक्य आहे, तिथे उपाय मतपेटीचा, असा त्याचा भावार्थ. आपल्याकडे दरवर्षी सरसकट काही टक्क्यांनी वाढणारा कर हा दुसऱ्या प्रकारात मोडतो. पण जुना मागवाला यांच्या एकट्याच्या तळमजल्याची वर्गवारी बदलणे हा पहिलाच प्रकार झाला, असे मला वाटते.

इथेही लोक थेट मोठ्या न्यायालयात जाऊ शकत नाहीत. १९३७ च्या कर-मनाई कायद्यामुळे, राज्याच्या न्यायालयात साधा, वेगवान आणि पुरेसा उपाय असेल तर संघीय न्यायालय राज्याच्या करवसुलीला मनाई करू शकत नाही. त्यामुळे घटनेतील ‘ड्यू प्रोसेस’चा मुद्दासुद्धा आधी काउंटीच्या कर मंडळापुढे आणि मग राज्याच्या न्यायालयातच मांडावा लागतो. आमच्या राज्यात अपिलाची नेहमीची तारीख १ एप्रिल आहे आणि चालू तिमाहीचा कर भरलेला असावा लागतो. कितीही खरे प्रकरण असले तरी २ एप्रिलला आलेल्या माणसाला मंडळ परत पाठवते. हे मी स्वतः पाहिले आहे.

नोटिशीबद्दल मात्र इथला २००६ चा एक निकाल आपण जरूर वाचावा, जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स. अर्कान्सामध्ये थकीत करापायी एका माणसाचे घर विकले. त्याला पाठवलेली नोंदणीकृत पत्रे न घेताच परत आली होती आणि तो तिथे राहतही नव्हता. पत्र परत आले हे सरकारला ठाऊक असताना, साध्या टपालाने पुन्हा पाठवणे किंवा दारावर लावणे यांसारखी आणखी सोपी पावले उचलायला हवी होती, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या प्रकरणात दारावर तर चिकटवलेली आहे, तेव्हा हा निकाल पूर्ण आपल्या बाजूचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

टिळकवाडीचा वकील

ताईंनी दिलेला फरक फार उपयोगी आहे. अमेरिकेचे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, परंतु हाच भेद आपल्याकडेही मान्य आहे. १९८७ च्या सायनामाइड प्रकरणात, औषधांच्या किमती ठरवण्यासारखा सर्वांना लागू होणारा निर्णय विधिमंडळी स्वरूपाचा असतो आणि तिथे प्रत्येकाची सुनावणी लागत नाही, असे ठरले. उलट एखाद्या व्यक्तीवर दिवाणी परिणाम होणारा आदेश प्रशासकीय असला तरी म्हणणे ऐकूनच द्यावा लागतो, हे बिनापाणी देई प्रकरणापासून, म्हणजे १९६७ पासून, पक्के आहे. म्हणून अपिलात ‘कर फार वाढवला’ हे वाक्य पहिले लिहू नका. कर वाढवण्याचा अधिकार त्यांना आहेच. ‘माझ्या घराबद्दल घेतलेला हा वेगळा निर्णय मला न ऐकता घेतला आणि ऐकले असते तर तो चुकला नसता’, हे पहिले लिहा.

त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. अलीकडची न्यायालये नुसत्या नोटिशीच्या त्रुटीवर आदेश रद्द करत नाहीत. त्या त्रुटीमुळे नुकसान काय झाले, असे विचारतात. पतियाळा बँकेच्या १९९६ च्या आणि सुधीरकुमार सिंह यांच्या २०२० च्या निकालात ही कसोटी आहे. आपल्याजवळ तिचे उत्तर आहे. माग २०२० मध्येच गेले. सुनावणी झाली असती तर एका पावतीने ते सिद्ध झाले असते. मागाचे वीज कनेक्शन बंद केल्याचा हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) कागद आहे का?

आणखी एक. आपण दिलेले आकडे मी मांडून पाहिले. नव्या-जुन्या करातला फरक वर्षाला १६,४४० रुपये. पाच वर्षांचे ८२,२०० झाले. उरलेले ५९,१८४ रुपये नेमके दरमहा २ टक्क्यांनी, पहिल्या वर्षाला पाच वर्षे, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला तीन, अशा उतरत्या हिशेबाने येतात. म्हणजे मागणीपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास रक्कम नुसता दंड आहे, आणि तो अशा कराचा, ज्याची मागणी त्या त्या वर्षी कोणी केलीच नव्हती. हा स्वतंत्र मुद्दा म्हणून मांडा. त्याहून गंमत अशी, की पाचही वर्षांचा फरक अगदी सारखा आहे. दर तर मधल्या काळात वाढत गेले आहेत, मग फरक सारखा कसा? याचा अर्थ आजचा दर मागच्या वर्षांना लावला गेला. ज्या वर्षी जो दर अस्तित्वात नव्हता त्या दराने त्या वर्षाचा कर मागणे, याला कलम २६५ चा आधार कुठून मिळणार?

जुना मागवाला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. करलिपिक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. २०१६-१७ च्या अर्जाची प्रत मिळाली. त्यात तळमजल्यापुढे वडिलांनी ‘निवासी’ असेच लिहिले आहे. तेव्हा माग चालू होते. वाचून थोडे ओशाळल्यासारखे झाले, पण लपवण्यात अर्थ नाही म्हणून इथे लिहितो. हेस्कॉमचे मीटर परत केल्याची पावतीही सापडली. तारीख १९ सप्टेंबर २०२०. माग ज्यांना विकले त्यांनी दिलेली साधी चिठ्ठीसुद्धा आहे. पेटीत आजोबांच्या नावचे मोडी खरेदीखतही निघाले, पण त्याचा इथे काही उपयोग नसावा.

आता दोन शंका. जुन्या अर्जातील चुकीमुळे माझे अपीलच कोसळेल का? आणि अपील मराठीत लिहिले तर स्वीकारतील का, की कन्नडच हवे?

टिळकवाडीचा वकील

कोसळणार नाही, पण तो कागद आपणच पुढे करा. कार्यालयाने तो काढून दाखवण्याची वाट पाहिली तर आपल्या बाकीच्या कागदांवरचा विश्वासही जाईल. त्यांनी मागितलेली वर्षे २०२०-२१ पासूनची आहेत. म्हणजे आपली अडचणीची बाजू एप्रिल ते सप्टेंबर २०२० एवढ्या महिन्यांपुरतीच उरते. तेवढ्या काळाचा फरक त्या वर्षीच्या दराने भरण्यास तयार आहे, असे अपिलात स्पष्ट लिहून द्या. उरलेल्या साडेचार वर्षांना वाणिज्य वापर नव्हता, हे मीटरची पावती सांगते. चालू वर्षाचा कर निवासी दराने, ‘हक्क राखून व हरकतीसह’ असे लेखी पत्र देऊन भरा आणि पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. खाते बदलाचा अर्ज अपिलाच्या आधी, निदान त्याच दिवशी द्या. नाहीतर सुनावणीत आपण कोण, इथूनच सुरुवात होईल.

भाषेबद्दल आपल्या भागात तावातावाने बोलले जाते, म्हणून मोजून सांगतो. कलम ३५० प्रमाणे कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी त्यात बसते. ‘मराठीत आहे’ एवढ्याच कारणाने निवेदन परत करता येणार नाही. मात्र उत्तरही मराठीतच मिळावे, असे ते कलम म्हणत नाही. अल्पसंख्य भाषकांची वस्ती १५ ते २० टक्क्यांवर असलेल्या ठिकाणी महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षण-योजनेत आहे. पण ती प्रशासकीय हमी आहे, तिच्या अभावी करनोटीस आपोआप रद्द ठरल्याचा आधार मी आपल्याला देणार नाही. नोटीस कन्नडमध्ये होती आणि मला ती वाचता आली नाही, हे विलंब माफ करण्याच्या अर्जात कारण म्हणून अवश्य लिहा. मुख्य मुद्दा म्हणून लिहू नका, कारण समोरचा लगेच विचारील, की इतकी वर्षे कन्नड चलन कसे भरत होता?

व्यवहार म्हणाल तर मूळ अपील मराठीत आणि सोबत कन्नड भाषांतर, अशी जोडी द्या. ऐकणाऱ्या साहेबाला समजले पाहिजे, हाच तर आपला सुनावणीचा मुद्दा आहे. पुढे धारवाडला जाण्याची वेळ आलीच, तर कलम ३४८ मुळे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत असते, तेव्हा वडिलांचा अर्ज, चिठ्ठी आणि पावती यांचे इंग्रजी भाषांतर लागेल.

खानापूर नाका

आमच्याकडे ग्रामपंचायतीत असाच प्रकार झाला होता, रक्कम लहान होती. सुनावणीच्या दिवशी माझ्या चुलत्यांनी सगळे तोंडी सांगितले, साहेबांनीही मान डोलावली, आणि आदेशात ‘अर्जदार हजर, पुरावा नाही’ एवढीच ओळ आली. तेव्हा सुनावणीत बोलाल ते सगळे दोन पानांत लिहून न्या, कागदांना अनुक्रमांक घाला, आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका. अधिकाऱ्याने आदेशात जी कारणे लिहिली असतील त्यांच्यावरच त्याला पुढे उभे राहावे लागते, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडता येत नाहीत, असे मोहिंदरसिंग गिल यांच्या १९७७ च्या निकालात आहे, हे आमच्या वकिलांनी नंतर सांगितले. आमच्या चुलत्यांच्या बाबतीत अडचण उलटी होती, आपल्याच बाजूने कागदावर काही नव्हते.

निवृत्त करलिपिक

एक राहिलेच. तळमजल्याचे आजचे फोटो काढताना दाराबाहेरून न काढता आतून काढा, आणि मागाचे पाय जिथे फरशीत रोवलेले होते ते खड्डे बुजवलेले असतील तर तेही दिसू द्या. शक्य असेल तर अपिलातच पुन्हा प्रत्यक्ष पाहणीची मागणी करा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहीन असे लिहा. मोजणीदाराला बंद दार दिसले की तो गेल्या वेळचेच पान पुढे उतरवतो.

जुना मागवाला

आदेशाखालचे कलम शेजारच्या शिक्षकांकडून वाचून घेतले. अपिलाला अजून अकरा दिवस आहेत. माहिती अधिकाराचा अर्ज आज दिला. १३२ शब्द झाले. खाते बदलासाठी वडिलांचा मृत्यू दाखला आणि वारसा प्रमाणपत्र लागेल म्हणाले, त्यासाठी सोमवारी तहसीलदार कार्यालयात जाणार आहे. बहिणीची संमती लागेल, ती गडहिंग्लजला असते, तिला रविवारी बोलावले आहे. मोजणीपत्रक मिळाले की इथे कळवतो.